नाणेघाटात सुट्टे नाहीत

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांना समुद्र नाही. त्याची खंत इथल्या माणसांनी कधी बाळगलेली नाही, कारण समुद्राकडं जाणारा रस्ता अडवून बसायची जागा त्यांच्याकडं दोन हजार वर्षांपासून आहे. सह्याद्री चालता चालता एकदम तुटतो आणि खाली कोकण पसरतं, त्या कडेचा चांगला लांबलचक तुकडा या दोन तालुक्यांच्या वाट्याला आला आहे: नाणेघाट, दाऱ्या घाट, आंबे-हातविज, दुर्ग, आहुपे. सोपारा-कल्याणच्या बंदरात माल उतरायचा, बैलांच्या पाठीवर चढायचा आणि नाणेघाटाच्या माथ्यावर यायचा. अजून बैलांची धाप बसलेली नाही तोच समोर दिसायचा तो एक भलामोठा दगडी रांजण. जकात टाका, पुढं व्हा. रांजण अजून जागेवर आहे. त्यात नाणीच टाकत असत याला पुरावा काय, असं विचारणारे असतात. पण ज्या घाटाचं नावच नाणेघाट, तिथं तो लोणच्यासाठी ठेवला असेल असं मला वाटत नाही.

रांजणापासून जवळच्याच लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञ कोणते केले, दक्षिणा काय दिली, गाई किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापणं किती, सगळं आकड्यांसकट कोरलेलं. भारतातल्या जुन्यात जुन्या कोरीव आकड्यांत हे आकडे मोडतात, म्हणून जाणकार त्या भिंतीपुढं हात जोडतात. माझं लक्ष दुसरीकडंच जातं. खर्चाची बाजू भिंतभर आहे, जमेची बाजू कुठंच नाही. रांजणात महिन्याला किती पडले, ते कुणी मोजले आणि मोजणाऱ्यावर कुणाची नजर होती, यावर लेणं मूग गिळून बसलं आहे. ग्रामसभेतही जमाखर्च असाच वाचला जातो आणि लोक उगाच एकट्या सरपंचाला नावं ठेवतात.

हे सगळं सांगायचं कारण असं की अलीकडं घाटमाथ्यावरच्या गावांनी गाडी लावायचे पैसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा पुण्या-पिंपरीकडच्या मंडळींनी "हे नवीनच काय काढलंय?" म्हणून जो आकांत मांडला, तो इतिहासाला धरून नव्हता. नवीन काही नाही. मधली काही शतकं वसुली थकली होती, इतकंच.

थकबाकी निघायला निमित्त झालं ते २०१८ साली. राज्य सरकारनं जुन्नर हा विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. त्यात चूक काहीच नव्हती. शिवनेरी इथं, अष्टविनायकांतले लेण्याद्री आणि ओझर इथं, लेणी दोनशेच्या वर, किल्ले वळणावळणाला. माळशेज घाट, पिंपळगाव जोग्याच्या धरणावर उतरणारे रोहित पक्षी, खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. शेजारच्या आंबेगावात भीमाशंकरचं अभयारण्य, डिंभ्याचं धरण, आहुप्याचा कडा. सरकारनं जाहीर केलं आणि पर्यटकांनी ते सरकारपेक्षा जास्त मनावर घेतलं. त्यात मोबाइलवर नाणेघाटाचा उलटा धबधबा फिरायला लागला. कड्यावरून पडणारं पाणी खालून येणाऱ्या वाऱ्यानं पुन्हा वर उडतं. ते बघायचं तर ऐन पावसात यावं लागतं, ऐन पावसात यायचं तर रविवार लागतो, आणि रविवार आपल्या एकट्याला सुचलेला आहे असं गाडी काढताना प्रत्येकाला वाटत असतं.

तालुक्याला दर्जा मिळाला. गाडी कुठं लावायची ते सांगायचं तेवढं राहून गेलं. घाटमाथ्याकडं जाणारे रस्ते एका एसटीला बेताचे. समोरून ट्रॅक्टर आला तर दोघांपैकी एकानं साइडपट्टीवर उतरायचं, अशी वहिवाट. त्या रस्त्यावर दोन्ही अंगांनी गाड्या लागल्या. काहींनी तर बाजूला घ्यायचेही कष्ट घेतले नाहीत. फोटो चांगला येतो तिथं, चारही दारं उघडून, गाणी लावून, रस्त्याच्या मधोमध. एसटी अडकली, दुधाची गाडी अडकली, दहाव्याला निघालेले पाहुणे अडकले आणि कावळा शिवून गेल्यावर पोचले. भाताच्या खाचरात कुणी पाय धुतले, कुणी बाटल्या धुतल्या, कुणी फोडल्या. उघड्या पायानं चिखलणी करणाऱ्या माणसाला फुटकी बाटली काय असते ते शहरात बसून कळत नाही.

मग गावानं दोरी बांधली.

पश्चिम पट्ट्यातल्या एका गावाच्या वेशीवरचा असा नाका मी बराच वेळ न्याहाळला आहे. दोन बांबू, मधे निळी नायलॉनची दोरी, दोरीच्या मध्यावर लाल ओढणीचा तुकडा. एक हात मोडलेली प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीवर कुणी बसत नाही, कारण तिच्या खोलगट भागात पाणी साठलेलं असतं. शेजारी पत्र्यावर रंगवलेला फलक: दुचाकी २०, चारचाकी ५०, मिनीबस १००, मद्यपान सक्त मनाई, हुकुमावरून. हुकूम कुणाचा ते लिहायला पत्रा पुरलेला नाही. खताच्या गोणीची खोळ डोक्यावर घेतलेला अठरा-वीस वर्षांचा पोरगा, त्याच्या पोटाशी पिशवीत गुंडाळलेलं पावतीपुस्तक आणि ओल्या कागदावर उमटायला नकार देणारं बॉलपेन. पोरगा पेन तोंडाशी नेऊन हा-हा करून त्याला ऊब देतो, मग तळहातावर गिरवून बघतो, मग पावतीवर. तोवर मागच्या सात गाड्यांचे हॉर्न सुरू झालेले असतात.

गळ्यात त्यानं क्यूआर कोडचं लॅमिनेट केलेलं कार्ड अडकवलेलं होतं. ते शोभेचं. रेंज नाही.

"अरे, मग हा कोड कशाला लावलाय?"

"रेंज पुढच्या वळणावर येती, सर."

"मग पुढच्या वळणावरून पाठवतो. सोड."

"पुढच्या वळणावरून आजवर कुणीबी पाठवलं नाय, सर."

मग पाचशेची नोट निघते. सकाळपासून सगळ्यांनी पाचशेच्याच नोटा काढलेल्या असतात, कारण एटीएमनं सगळ्यांना पाचशेच्याच दिलेल्या असतात. ज्या घाटाच्या नावात नाणं आहे तिथं सुट्टे पैसे मिळत नाहीत. त्यावर गावानं तोडगा काढला आहे. शेजारी शेगडी घेऊन मावशी बसलेल्या असतात. सुट्ट्यांच्या बदल्यात भाजलेली कणसं, उकडलेल्या शेंगा आणि पाच कप चहा, असा हिशेब जुळवून देतात. माणूस गाडी लावायला येतो आणि घरी जाताना एवढा मका का खाल्ला याचा विचार करत जातो.

पावतीही वाचण्यासारखी असते. वर ग्रामदैवताचं नाव, त्याखाली समितीचं, मग गाडी नंबर आणि रक्कम. आणि सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक अक्षरात: वाहन मालकाने आपल्या जबाबदारीवर उभे करावे, चोरी अथवा नुकसान झाल्यास समिती जबाबदार राहणार नाही. चोरीला समिती जबाबदार नाही, दरडीला नाही, माकडांनी वायपर उपटला तर नाही. मग पन्नास रुपये कशाचे, असा प्रश्न पडतो. तो त्या पोराला विचारला तर तो म्हणतो, "जागेचे." जागा कुणाची म्हणावं तर चुलत्याची. चुलते शेजारीच उभे असतात, काठी हातात घेऊन, "घे, घे, घे, अजून घे, बस!" म्हणत गाड्या मागं घेत. "बस" नेमकं केव्हा म्हणायचं याचं त्यांचं टायमिंग बैलाच्या अंदाजावर बसलेलं आहे.

हे चुलते जमाखर्चाला पक्के. या बाजूला शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा यायचे दिवस मोजके. उन्हाळ्यात झाडावर चढून बाळहिरडा काढायचा, वाळवायचा, व्यापारी देईल त्या भावाला घालायचा. पावसाळ्यात भात, तो बराचसा घरी खायला. त्यामुळं रस्त्याकडेचं एक खाचर त्यांनी पडीक ठेवलं, तिथं चुन्याच्या रेघा मारल्या. भाताला रोपं लावा, निंदा, राखा, कापा, झोडा, तेव्हा कुठं काय ते हाती. गाड्यांना लावणी नाही, निंदणी नाही, कापणी रोजच्या रोज. पावसानं चुना सकाळी नऊलाच वाहून जातो, तरी चुलते दर रविवारी नव्यानं रेघा मारतात.

खाचर ते खाचर. वर गवत, खाली गुडघाभर चिखल. सकाळी आठला आत गेलेली गाडी दुपारी तीनला बाहेर निघत नाही. चाक फिरतं, चिखल उडतो, मागं ढकलायला उभ्या राहिलेल्या मेव्हण्याचा पांढरा टी-शर्ट नक्षीदार होतो. मग कुठून तरी ट्रॅक्टर येतो. कुठून म्हणजे, तो सकाळपासून बांधाला उभाच असतो. ओढून काढायचे पाचशे. आत जायचे पन्नास आणि बाहेर यायचे पाचशे, असा उफराटा दर जगात दुसरीकडं कुठं नसेल. पण गंमत अशी की या पाचशेला कुणी हरकत घेत नाही. उलट ट्रॅक्टरवाल्याला "दादा, देवासारखे धावून आलात" म्हणून वर शंभर देतात. भांडण होतं ते पन्नासाचं.

त्या पन्नासाचं भांडण हा स्वतंत्र कलाप्रकार आहे. पांढरी मोठी गाडी येते. काच चार बोटं खाली होते. आतून थंड हवा आणि एक आवाज बाहेर येतो.

"काय रे?"

"काका, पावती. गाडी लावायची."

"आम्ही गाडी लावणारच नाही. नुसती चक्कर मारून येतो."

"पुढं रस्ता संपतो, काका."

"मग तिथून वळून येतो."

"वळायलाच जागा नाय. म्हणून तर दोरी बांधली."

इथं सामान्य माणूस निरुत्तर झाला असता. काका होत नाहीत. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा की जिल्हा परिषदेचा, ग्रामपंचायत अधिनियमाचं कोणतं कलम, जीआर आहे का, असेल तर दाखव, नसेल तर माहितीच्या अधिकारात टाकतो, समिती नोंदणीकृत आहे का, नोंदणी क्रमांक पावतीवर का नाही. ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या तोंडून वेद वदवले त्याची समाधी जुन्नर तालुक्यातच, आळ्याला आहे. त्या रेड्याच्या निदान डोक्यावर हात ठेवावा लागला होता. इथं काच खाली झाली की झालं.

मागच्या सीटवरून काकू म्हणतात, "अहो, द्या ना पन्नास रुपये. पोरगं भिजतंय." काका म्हणतात, "प्रश्न पन्नास रुपयांचा नाही, तत्त्वाचा आहे." आणि हे खरंच असतं. सकाळपासून काकांनी दोन हजारांचं डिझेल टाकलेलं असतं. नारायणगावात मिसळ झालेली असते, जास्तीच्या तर्रीसकट. माळशेजकडं जाणारे असले तर चाळकवाडीच्या टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापले जातात आणि काका रेडिओचा आवाज वाढवण्यापलीकडं काही करत नाहीत. २०२१ साली फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हापासून या देशात टोलवर भांडायची सोयच उरली नाही, यंत्राला "तुझं गाव कुठलं रे?" असं विचारता येत नाही. ती सगळी साठलेली भांडणं आता या नायलॉनच्या दोरीपाशी येऊन मोकळी होतात. समोर हाडामांसाचा, भिजलेला, आपल्यापेक्षा लहान आणि गरीब माणूस पैसे मागतो आहे, हे काकांना सोसत नाही.

तत्त्व संपलं की ओळख निघते. "मी इथलाच आहे." इथला म्हणजे? सासुरवाडी घोडेगाव. त्यातही चुलत. कुणी मंचरच्या अमक्या शेठचा पाहुणा असतो, कुणी "आमदारांना फोन लावू का?" म्हणतो (लावू शकत नाही, रेंज नाही). एका दुचाकीवर पुढं "प्रेस" लिहिलेलं होतं. चौकशीत निघालं की त्याचं कपडे इस्त्री करायचं दुकान आहे. आता यात त्या बिचाऱ्यांचाच दोष आहे असं नाही. घाटातून ओळखीवर जायची चाल मोठ्या लोकांनीच पाडलेली. १७३९ साली वसई सर झाली तेव्हा चिमाजी अप्पांनी आणलेली पोर्तुगीजांची एक घंटा भीमाशंकरला आहे. समुद्रकाठची एवढी जड वस्तू घाटमाथ्यावर आली, ती काय कुठल्या नाक्यावर पावती फाडून आली असेल? बाजीरावाच्या धाकट्या भावाला सुट्टे मागायची कुणाची छाती होती?

पुण्याच्या माणसाचं आणि पार्किंगच्या पैशाचं वाकडं का, याचा उलगडा मला अजून नीट झालेला नाही. १९३५ साली अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत जगातलं पहिलं पार्किंग मीटर बसलं, तासाला पाच सेंट. तिथं लोक आधी चिडले, मग नाणी टाकायला लागले. पुणे महापालिकेनं २०१८ साली, म्हणजे जुन्नर पर्यटन तालुका झाला त्याच वर्षी, रस्त्यावर गाडी लावायला पैसे घ्यायचं धोरण मंजूर केलं. एवढा गदारोळ झाला की आधी ते पाच रस्त्यांपुरतं आलं आणि मग त्या पाच रस्त्यांवरही उतरलं नाही. रस्ता बापाचा नाही हे पुणेकराला मान्य आहे. पण रस्त्याची कड मात्र त्याला वडिलोपार्जित वाटते. हीच कड तो रविवारी बरोबर घेऊन जुन्नरला येतो.

आणि हाच माणूस समुद्रावर गेला की कसा विरघळतो बघा. कळंगुटला गाडी लावायचे पैसे देतो, उन्हात तापलेल्या गाडीपाशी परत येऊन "थँक्यू" म्हणतो. त्या कळंगुटच्या पंचायतीनं तर २०२४ साली ठरावच केला होता की हॉटेलचं बुकिंग न करता गावात शिरणाऱ्या पर्यटकांकडून कर घ्यावा. त्याच वर्षी व्हेनिसनं दिवसापुरत्या येणाऱ्यांना पाच युरो लावले. ते तर आपले लोक कौतुकानं भरतात आणि पावतीचा फोटो काढतात. मला वाटतं, समुद्रावर माणूस अर्ध्या चड्डीत असतो. तत्त्व घरी राहिलेल्या फुल पँटीच्या खिशात असतं. घाटमाथ्यावर थंडी वाजते म्हणून तो फुल पँट घालून येतो, तिथं सगळी पंचाईत.

वन खात्याच्या हद्दीत याच वसुलीला काही ठिकाणी उपद्रव शुल्क म्हणतात. खातं स्पष्टवक्तं आहे, पण त्यातून एक अडचण होते. इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांनी एकदा प्रयोग केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या आईबापांना दंड लावला. २००० साली त्याचा निष्कर्ष छापून आला: दंड लावल्यावर उशीर कमी झाला नाही, वाढला. आधी लोकांना उशिराची लाज वाटायची. आता त्याचे पैसे भरलेले असायचे. हैफाला कशाला जायला हवं? मी कड्याजवळ एका टोळक्याला वेफर्सची पाकिटं वाऱ्यावर सोडताना बघितलं. उलट्या धबधब्याच्या वाऱ्यानं ती परत त्यांच्याच तोंडावर येत होती आणि ते पुन्हा सोडत होते. एका आजोबांनी हटकलं तर त्यांतला एकजण म्हणाला, "आजोबा, उपद्रव शुल्क भरलंय." पावतीही दाखवली. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी पाकिटं गोळा करून टोळक्याच्या गाडीच्या वायपरखाली एकेक करून खोचली, अगदी नीट, वाऱ्यानं उडणार नाहीत अशी.

भीमाशंकरला गोष्ट थोडी बरी आहे. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला गाड्या अलीकडंच अडवतात आणि पुढं बसनं नेतात. तिथं तत्त्वाची माणसं कमी भांडतात, कारण पुढं ज्योतिर्लिंग आहे आणि शंकराचा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. एकदा एक गृहस्थ तरीही हुज्जत घालत होते: आमचे आई-वडील थकलेले आहेत, गाडी दारापर्यंत सोडा. मागं बसलेल्या म्हाताऱ्या आईच म्हणाल्या, "दारापर्यंत फक्त नंदी जातो. तू गप बसमध्ये बस." लेण्याद्रीला तर देवही पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. गिरिजात्मजाला भेटायला आधी खाली गाडीचे पैसे, मग खात्याचं तिकीट, मग तीनशेच्या आसपास पायऱ्या. त्या पायऱ्या चढल्यावर भांडायला दम उरत नाही, हे त्या रचनेतलं खरं शहाणपण. शिवनेरीच्या वाटेवरचे सात दरवाजेही त्याच विचारानं बांधलेले असावेत. त्यांतल्या एकाचं तर नावच परवानगीचा दरवाजा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर पैसे घ्यावेत. पन्नास घेतात ते कमीच आहेत. रविवारी शंभर घ्यावेत आणि एसटीनं येणाऱ्याला चहा फुकट द्यावा. साताऱ्याच्या कास पठारावर गाड्या लांब थांबवतात, पुढं बसनं नेतात, शुल्क घेतात, दिवसाला माणसं किती सोडायची ते ठरवतात आणि हे सगळं आजूबाजूच्या गावांच्या समित्या बघतात. फुलं अजून शिल्लक आहेत. तेव्हा हे जमत नाही असं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पैसे घेतले की बाई-माणसाला जायला जागा हवी. मघाच्या त्या गावात फलकावर बाण दाखवून "शौचालय" लिहिलेलं आहे. बाणाच्या दिशेनं गेलं की शौचालयही आहे, फरशी बसवलेलं, नवंकोरं. त्याला कुलूप. किल्ली समितीच्या एका सदस्याकडं आणि सदस्य बाजाराला मंचरला गेलेले. कधी येतील? "आता यायलाच झाले." ही त्यांची यायची वेळ सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत होत राहते. कुणी तरी ताई चिडून म्हणाल्या, "मग उघडं कशाला ठेवत नाही?" त्यावर उत्तर मिळालं, "उघडं ठेवलं तर लोक वापरत्यात, ताई. घाण होती."

हिशेबाचंही तसंच. गावात चौकशी केली तर एक म्हणतो पैसे पोरांच्या हजेरीला जातात, दुसरा म्हणतो मंदिराच्या पत्र्याला, तिसरा म्हणतो बाटल्या गोळा करायच्या गाडीला, चौथा काहीच म्हणत नाही, नुसता हसतो. चौघंही खरं बोलत असतील. पण रविवार संपल्यावर त्या पत्र्याच्या फलकाखाली खडूनं दोन ओळी लिहायला काय हरकत आहे: आज एवढे जमले, एवढे गेले? नागनिकेनं निम्मं काम तरी केलं होतं, तेही छिन्नीनं.

पोरांची बाजू मात्र कुणी ऐकून घेत नाही. त्या खोळवाल्या पोरानं मला सांगितलं की पैशापेक्षा त्याला गाडी नंबर लिहून घ्यायला आवडतो. एमएच बारा, एमएच चौदा रोजच्याच. एखादी एमएच शून्य एक आली की मुंबईहून एवढ्या लांब आली म्हणून बरं वाटतं. एकदा केरळची आली होती. "त्यांना तर तिकडं समुद्र हाय, धबधबं हायेत, डोंगर हाय. मी इचारलं, इकडं कशाला आले? ते मल्याळीत कायतरी म्हनले. मी पन्नासच घेतले." बारावी झालेला आहे, पोलीस भरतीची तयारी चालू आहे. धावायचा सराव कुठं करतो विचारलं, तर म्हणाला, "हितंच. पैसे न देता सुटलेल्या गाडीमागं."

तरीही लोकांना फुकट जायचं असतंच, आणि त्यासाठी मराठी माणूस एरवी न दिसणाऱ्या एकोप्यानं वागतो. संध्याकाळी परतीच्या गाड्या सुरू होतात. उताराला लागलेला एक मोटारसायकलवाला चढणीला असलेल्या गाडीपाशी थांबतो, ना ओळख ना देख, काचेवर टकटक करतो आणि आपली ओली पावती आत सरकवतो. "घ्या काका, दिवसभर चालते. कशाला उगाच पैसे घालवता?" सख्ख्या भावाला बांधावरची वीतभर जागा न सोडणारी माणसं पन्नास रुपयांची पावती अनोळखी माणसाला अशी हसत दान करतात. काका भारावून जातात. ऐटीत दोरीपाशी येतात, काच चार बोटं खाली करतात आणि पावती बाहेर धरतात.

पोरगा पावती उलटी-सुलटी करून बघतो, गाडीकडं बघतो, परत पावतीकडं.

"काका, ही दुचाकीची हाय. वीसची."

काका क्षणभर समोरच्या धुक्याकडं बघतात. मग पाकीट काढतात.

"बरं, मग वरचे तीस घे."